पुसलेले शब्द

गेल्या पावसाळ्यांत आमच्या मातोश्रींस सेवाग्राम येथील कस्तुरबा रुग्णालयांत ठेवावें लागलें. दिवसा शाळा, सायंकाळीं वर्ध्याहून सेवाग्रामची वाट आणि रात्रीं रुग्णशय्येजवळ जागरण, असा आमचा क्रम तीन आठवडे चालला होता. पिशवींत तपासावयाच्या निबंधांबरोबर एक जुनी वही असे. आमच्या परलोकवासी वडिलांनीं या जिल्ह्यांतील जात्यावरच्या ओव्या गांवोगांव फिरून तींत टिपून ठेविल्या होत्या. त्या नीट लावून छापूं, असें वचन आम्हीं त्यांस दिलें, त्यास अकरा वर्षें लोटलीं. शाळा आहे, संसार आहे, वेळ मिळत नाहीं, हें आमचें ठरलेलें उत्तर.

रुग्णालयांत बसलें असतां, ज्यांच्या हातून तें वाढीस लागलें त्या डॉ. सुशीला नायर (१९१४–२००१) यांचें चरित्र सहजच मनांत घोळूं लागे. जन्म पंजाबांत, वैद्यकीय शिक्षण दिल्लीस. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्यें गांधीजी व कस्तुरबा बंदिवासांत होते, तेव्हां याही तेथेंच होत्या. २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं कस्तुरबांनीं तेथेंच देह ठेविला. त्या काळांत शुश्रूषा करीत असतांनाच सुशीलाबाई रोजनिशीही लिहीत. पुढें तिचेंच पुस्तक झालें. १९६२ ते १९६७ त्या केंद्रांत आरोग्यमंत्री होत्या. १९६९ सालीं त्यांनीं सेवाग्रामास वैद्यकीय महाविद्यालय स्थापिलें. तेथें नव्या विद्यार्थ्यांस आरंभीं आश्रमांत राहावें लागतें, आणि प्रत्येक तुकडी एक खेडें दत्तक घेते. त्यांचे वडील बंधु प्यारेलाल हे गांधीजींचें विस्तृत चरित्र लिहीत होते. १९८२ सालीं ते निवर्तले व काम अपुरें राहिलें. तेव्हां बाईंचें वय सदुसष्ट. संस्थेचा भार शिरावर असतांही त्यांनीं भावाची लेखणी उचलली आणि पुढील खंड एकामागून एक सिद्ध केले.

सुशीलाबाईंनीं विवाह केला नव्हता. आम्हांस मुलेंबाळें आहेत, असा बचाव आम्हीं मनाशीं करून पाहिला. तो टिकला नाहीं. भावाचें अपुरें काम हें घरचेंच ऋण नव्हे काय? शिवाय त्यांची रोजनिशी रुग्णसेवेंतून सवड काढून दुसरीकडे लिहिलेली नव्हती; त्या सेवेंतूनच ती उपजली होती. एक कर्तव्य दुसऱ्याचा वेळ खातें, या आमच्या हिशेबांतच चूक होती.

त्या रात्रीं आम्हीं वही उघडून मातोश्रींस एक ओवी वाचून दाखविली. तींतील एक शब्द पाण्यानें पुसला होता. मातोश्रींनीं डोळे मिटूनच तो सांगितला आणि म्हणाल्या, “तुझ्या बाबांनीं पुढचाही चुकीचा लिहिला आहे. मीच सांगितली होती ना ही ओवी!” वहींतील निम्म्याहून अधिक ओव्या त्यांच्याच तोंडच्या, हें आम्हांस तोंवर ठाऊक नव्हतें. आम्हीं कधीं विचारलेंच नव्हतें.

घरीं परतेपर्यंत पुष्कळ जागा भरल्या. परंतु कांहीं ओव्यांपाशीं त्या थांबत, ओठ हलवीत, आणि शेवटीं म्हणत, “गेली रे, आतां नाहीं आठवत.” अकरा वर्षांपूर्वीं त्या आठवल्या असत्या. त्या जागा वहींत तशाच कोऱ्या ठेविल्या आहेत. छापतांनाही तशाच ठेवूं.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या घरांतही अशी एखादी वही असेल, किंवा वहींत न उतरलेलें कांहीं एखाद्या वृद्धाच्या मुखीं असेल. परीक्षा आहे, अभ्यास आहे, हें आम्ही जाणतों. तरी आज सायंकाळीं आजीजवळ घटकाभर बसा आणि विचारा. ती सांगेल तें लगेच लिहून घ्या.