निवलेला चहा

वैशाखातल्या दुपारी नंदुरबारात वाफाळलेला चहा पिणे म्हणजे पंचाग्निसाधनच. परंतु निवलेला चहा ओठाला लावावयाचा नाही, हा आमचा आजवरचा बाणा. तो यंदा उन्हापुढे ढळला. अमेरिकेत १८७९ साली छापलेल्या एका पाकपुस्तकात बर्फाच्या चहाची कृती आहे, हे आम्हांस ठाऊक होते. तेवढ्या पांडित्याच्या बळावर आम्ही स्वयंपाकघरात शिरलो.

कृती सोपी आहे. बर्फ वितळून चहा पातळ होतो, म्हणून पत्ती दुप्पट घ्यावी. ती उकळू नये. उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटे झाकून ठेवून गाळावी, नाहीतर तुरटपणा उतरतो. थंड चहात साखर लवकर विरघळत नाही, सबब ती तो गरम असतानाच घालावी. भांडे एकदम फ्रीजमध्ये ठेवल्यास चहा गढुळतो. तो आधी आपोआप निवू द्यावा. लिंबू शेवटी.

पहिला पेला आम्ही मोठ्या ऐटीने सौभाग्यवतींपुढे धरला. घोट घेऊन त्या म्हणाल्या, “छान झालाय. पण थंड चहाचे मला काय नवल? तीस वर्षे तोच पिते आहे.”

आमचा, मुलांचा, पाहुण्यांचा पेला भरून त्या बसत, तोवर त्यांचा चहा नेहमीच निवलेला असे. जो आम्ही खुशाल ओतून देत होतो, तोच त्या निमूटपणे पीत होत्या. आणि हे आमच्या ध्यानात यावयास बर्फ लागला.

हल्ली सकाळचा चहा आम्ही करतो, आणि त्यांचा पेला अगोदर भरतो.