हप्त्याचं भाषांतर

कर्जाच्या हप्त्याचं सूत्र एका ओळीत मावतं. मुद्दल गुणिले मासिक व्याजदर गुणिले (१ + दर) चा महिन्यांइतका घात, आणि त्या सगळ्याला भागिले तोच घात वजा १. बस्स! एक्सेलमध्ये तर तयार 'पीएमटी' आहेच. पण माझ्या मावसभावाने हौसेने सगळं सूत्र हाताने लिहिलं होतं. फ्लॅट बघायला फिरताना मोबाइलवर हवं म्हणून म्हणाला, "तेवढं जावास्क्रिप्टमध्ये करून दे ना रे."

आता गंमत बघा. एक्सेलमध्ये ^ म्हणजे घात. जावास्क्रिप्टमध्येही ^ आहे, पण तिथे तो 'एक्सॉर', म्हणजे बिट्सचा खेळ. घाताशी त्याचा काही संबंध नाही. अपूर्णांकावर हे चिन्ह वापरलं तर सी आणि जावाचा कंपायलर तिथेच अडवतो. पायथॉनही एरर देतो. जावास्क्रिप्ट मात्र भलतीच भिडस्त! अपूर्णांक गुपचूप कापते आणि उत्तर हातात ठेवते.

समजा कर्ज १० लाख, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं. खरा हप्ता ८,९९७ रुपये. घात कंसात ठेवून चिन्ह जसंच्या तसं उतरवलं तर १.००७५ चा होतो १, आणि १ ^ २४० होतात २४१. हप्ता येतो ७,५३१!

शून्य आलं असतं तर कुणीही ओळखलं असतं. ७,५३१ मात्र अगदी खरा वाटतो. पण पहिल्या महिन्याचं व्याजच ७,५०० आहे, म्हणजे मुद्दलात जाणार जेमतेम ३१ रुपये. असे हप्ते २० वर्षं भरले तरी सुमारे ९ लाख ७९ हजार बाकीच! भावाला ४० लाख घ्यायचे होते. त्या हिशोबाने महिन्याला ५,८६४ रुपयांची तफावत. बँक खरा हप्ता कापणार आणि घरखर्च मात्र खोट्या हप्त्यावर बेतलेला.

उपाय सोपा आहे. 'मॅथ.पॉव' वापरा, किंवा २०१६ पासून आलेले दोन गुणाकार-तारे. आणि भाषा कुठलीही असो, 'पीएमटी'चं एक उत्तर शेजारी ठेवून ताडून बघा. मी तेच केलं, मगच भावाला लिंक पाठवली.

हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. अक्षरं तीच, अर्थ भलताच. सूत्राचं भाषांतर करताना एवढं लक्षात ठेवा मंडळी, नाहीतर कर्जदाराला मराठीतली शिक्षा व्हायची!