‘जेव्हां’चीं गाणीं

आमचे चिरंजीव गेल्या दिवाळींत घरीं आले असतां आपल्या संग्रहांतील कांहीं शेंकडा इंग्रजी गाणीं त्यांनीं आमच्या मोबाइलमध्यें भरून दिलीं. या यंत्राला काळ कळत नाहीं, सूर तर नाहींच नाहीं. त्याला कळते ती फक्त बाराखडी. त्यामुळें वर्गांत आडनांवावरून एका बाकावर बसविलेल्या मुलांप्रमाणें, ज्यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध नाहीं अशीं गाणीं शेजारीं शेजारीं येऊन बसतात. यादीच्या शेपटाशीं आम्हांस ‘व्हेन’ या एकाच शब्दानें आरंभ होणाऱ्या गाण्यांचा एक घोळकाच सांपडला. कोणी युद्धावरचें, कोणी प्रेमाचें, कोणी स्वर्गाचें. पण सगळीं दारांत एकच शब्द बोलून उभीं.

हा शब्द वर्गांत आम्हांला पुष्कळ छळतो. इंग्रजी शिकविण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं. पण ‘व्हेन’चें भाषांतर कोठें ‘केव्हां’ आणि कोठें ‘जेव्हां’, हें दरवर्षीं कोणी ना कोणी चुकवितोच. दोष सर्वस्वीं मुलांचा नाहीं. आपल्या भाषेनें प्रश्न आणि संबंध यांचीं घरें निरनिराळीं केलीं. इंग्रजीनें दोघांना एकाच खोलींत कोंबलें. शिवाय आपला ‘जेव्हां’ एकटा राहत नाहीं. तो उच्चारला कीं कान ‘तेव्हां’ची वाट पाहूं लागतात, आणि तो न आल्यास दारीं आलेला पाहुणा आंत न येतांच परत गेल्यासारखें वाटतें. इंग्रजी गाण्याचें नांव मात्र ‘जेव्हां’वरच थांबतें. ‘तेव्हां’ काय झालें, हें या गाण्यांच्या चरित्रांत शोधावें लागतें. तें आम्हीं शोधूं लागलों, आणि करमणुकीसाठीं हातीं घेतलेला उद्योग थोडा जड झाला.

या घोळक्यांतील वडीलधारें गाणें ‘व्हेन जॉनी कम्स मार्चिंग होम’. अमेरिकेंतील यादवी युद्ध ऐन भरांत असतां, १८६३ सालीं, पॅट्रिक गिलमोर या जन्मानें आयरिश असलेल्या बँडमास्तरानें तें लुई लँबर्ट या टोपणनांवानें प्रसिद्ध केलें. जॉनी घरीं परतेल तेव्हां गांव कसा आनंद करील, याचें तें चित्र. पण याच चालीवर आज आणखी एक गाणें गातात: ‘जॉनी, आय हार्डली न्यू यी’. यांत जॉनी खरोखरच परत आला आहे. पण हातपाय, डोळे युद्धांत गमावून. त्याच्या माणसाला तो ओळखूंही येत नाहीं. हें दुसरें गाणें पुष्कळ दिवस अधिक जुनें मानीत. परंतु छापील पुरावा पाहतां तें १८६७ सालीं, म्हणजे युद्ध संपल्यावर, लंडनमध्यें प्रसिद्ध झालें. पहिल्याच्या नांवांत ‘जेव्हां’ आहे, दुसऱ्याच्या नांवांत नाहीं. जॉनी उंबरठ्याशीं आला आणि तो शब्द गळून पडला.

‘व्हेन आयरिश आइज आर स्मायलिंग’ हें १९१२ सालचें गाणें आयर्लंडचें म्हणून जगभर गातात. त्याची चाल मात्र ओहायो प्रांतांत जन्मलेल्या अर्नेस्ट बॉलची. त्याविषयीं अधिक सांगण्यासारखें आम्हांस कांहीं वाटत नाहीं. ‘व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन’ हें निग्रो भक्तांचें भजन; लुई आर्मस्ट्राँगनें १९३८ सालीं त्याची तबकडी काढली आणि तें सर्वतोमुखीं झालें. न्यू ऑर्लिन्स शहरीं प्रेतयात्रेबरोबर जातांना बँड संथ वाजवितात आणि दफन आटोपून परततांना द्रुत; त्या परतीच्या वाटेवर हें गाणें असे. या एका गाण्याचा ‘तेव्हां’ मात्र सुरक्षित आहे, कारण तो तपासण्यास कोणी मागें येत नाहीं!

आम्हांस खरें अडवून धरलें तें एका साध्या गाण्यानें: ‘व्हेन यू अँड आय वेअर यंग, मॅगी’. ऐकतांना वाटतें, कोणी वृद्ध गृहस्थ आपल्या वृद्ध पत्नीस तारुण्याची आठवण देत आहे. कवी जॉर्ज जॉन्सन हा कॅनडांतील हॅमिल्टन शहराजवळचा शाळामास्तर, आणि मॅगी क्लार्क त्याची विद्यार्थिनी. त्याची ही कविता १८६४ सालीं पुस्तकांत छापली गेली तेव्हां त्याचें वय पंचवीस. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत त्यांचें लग्न झालें, आणि पुढल्या मे महिन्यांत मॅगी वारली. म्हातारपणीं दोघांनीं मिळून मागें पाहावयाचें, तें त्यानें आधींच लिहून ठेवलें होतें. ज्या टेकडीवरून पाहावयाचें ती टेकडीच पुढें आली नाहीं. जेम्स बटरफील्डनें त्यास चाल लावली ती १८६६ सालीं. जॉन्सन १९१७ पर्यंत जगला. पांढरे केस त्याला आले असतील; तिला आले नाहींत.

याच्या उलट प्रकार ‘व्हेन आय ॲम सिक्स्टी-फोर’चा. बीटल्सपैकीं पॉल मॅकार्टनीनें त्याची चाल मिसरूडही नीट फुटलें नसेल अशा वयांत बांधली. तें ध्वनिमुद्रित झालें १९६६च्या अखेरीस, तो चोवीस वर्षांचा असतां. चौसष्टाव्या वर्षींही आपण प्रियेस हवेसे वाटूं काय, हा त्यांतील खेळकर प्रश्न. चौसष्टावें वर्ष आलें तें २००६च्या जूनमध्यें. पहिली पत्नी लिंडा १९९८ सालीं कर्करोगानें गेली होती, आणि दुसऱ्या पत्नीपासून विभक्त होत असल्याचें त्यानें नेमक्या त्याच्या आधींच्या महिन्यांत जाहीर केलें होतें. वर्तमानपत्रांनीं या योगायोगावर पुष्कळ विनोद केले. आम्हांस ते फारसे रुचले नाहींत. आम्हांला ते वर्ष फार लांब राहिलेलें नाहीं, हें त्याचें कारण असावें.

हें सर्व एके सायंकाळीं आम्ही घरांत सांगत होतों. सौभाग्यवती भाजी निवडीत ऐकत होत्या. त्या लग्नापूर्वीं सहा वर्षें गाणें शिकल्या होत्या. त्यांचा तंबोरा आमच्या माजघराच्या कोपऱ्यांत गवसणींत उभा आहे. मुलें मोठीं झालीं म्हणजे पुन्हां आरंभ करूं, असें आम्हींच त्यांस सांगितलें होतें. मग बदली, मग मातुःश्रींचें आजारपण, मग कन्येचें लग्न. जॉन्सनची हकीकत संपल्यावर आम्ही सहज म्हणालों, “आम्ही निवृत्त होऊं तेव्हां तुमचा तंबोरा काढूं.”

त्यांनीं हातांतली जुडी खालीं ठेवली. म्हणाल्या, “अहो, ‘तेव्हां’ राहूं द्या. केव्हां, तें सांगा.”

व्याकरणाचा असा धडा आम्हांस कोणी दिला नव्हता. त्याच रात्रीं गवसणी काढून पाहिली. दोन तारा तुटलेल्या, जवारी गेलेली, भोपळ्यास बोटभर चीर. तंबोरा आतां मिरजेस गेला आहे. कारागिरानें तीन आठवडे सांगितले आहेत.