१२.९चा मोह

गाडी मॉडिफाय करून घेणाऱ्यांशी बोलताना एक क्रम ठरलेला दिसतो. आधी गाडी किती इंच उचलायची, मग टायर कुठले, मग दिवे, मग रंग. हे सगळं ज्यांच्या जोरावर गाडीला चिकटून राहायचं ते नटबोल्ट सर्वांत शेवटी येतात, आणि बहुतेकदा ते निवडलेलेही नसतात. डब्यात जे सापडतं ते लागतं. ज्याला थोडं कळतं तो दुकानात जाऊन ‘सगळ्यात दणकट द्या’ म्हणतो आणि काळे १२.९चे ॲलन बोल्ट घेऊन येतो. ज्याला गाडी नटवायची असते तो चकचकीत एसएसचे, म्हणजे स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आणतो. आपण गरजेपेक्षा वरचढ काहीतरी बसवलं, अशी दोघांचीही समजूत असते. या कामात वर्षं घालवल्यावर माझं मत मात्र उलटं झालं आहे. आपण गाडीत जे बदल करतो त्यातल्या बहुतेक जागी खूण असलेला आणि नीट आवळलेला ८.८ किंवा १०.९चा साधा बोल्ट या दोन्हींपेक्षा सरस ठरतो. हे आकड्यांवर तपासून बघता येतं.

बोल्टच्या डोक्यावरचे आकडे वाचायला सोपे आहेत. ८.८मधला पहिला आठ सांगतो की हा बोल्ट दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताणापर्यंत तुटत नाही. दुसरा सांगतो की त्याच्या ०.८ पट, म्हणजे ६४० न्यूटनला तो कायमचा लांबायला लागतो. १०.९साठी हेच आकडे १००० आणि ९००, तर १२.९साठी १२०० आणि १०८०. नेहमीच्या आट्यांच्या एम१० बोल्टचं ताण घेणारं क्षेत्रफळ ५८ चौरस मिलिमीटर धरतात, म्हणजे ८.८चा एम१० साडेचार टनांहून जास्त ओढ सोसतो. हे ऐकून लोक खूश होतात, पण हा बोल्टच्या मरणाचा आकडा आहे, कामाचा नव्हे. त्याचं काम दोन भाग एकमेकांवर असे दाबून धरायचं की ते जराही सरकू नयेत. ८.८चा एम१० नेहमीच्या हिशेबानं, म्हणजे साधारण ५० न्यूटन-मीटर टॉर्कला आवळला की अंदाजे अडीच टनांनी दाबतो. हा दाब टिकून आहे तोवर बाजूनं येणारा धक्का बोल्टपर्यंत पोचतच नाही, तो दोन भागांमधलं घर्षण पेलतं. भाग सरकायला लागले की बोल्ट कात्रीत सापडतो, आणि तिथून पुढे त्याच्या डोक्यावर कोणता आकडा आहे याला फारसा अर्थ उरत नाही.

हा दाब येतो बोल्टच्या लांबण्यातून, आणि हे लांबणं किती किरकोळ असतं याची कल्पना फार थोड्यांना असते. ४० मिलिमीटर जाडी पकडणारा, पूर्ण आट्यांचा ८.८चा एम१० अडीच टन दाब देताना जेमतेम ०.०८ मिलिमीटर लांबतो. आता लिफ्ट किटचे ब्रॅकेट, पुढचे-मागचे बंपर, छतावरचे कॅरिअर आठवा: जवळजवळ सगळे पावडर कोटिंग करून येतात, आणि त्या कोटिंगचा थर ०.०६ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे बोल्ट जेवढा लांबला तेवढाच रंग त्याच्या डोक्याखाली, नटाखाली आणि दोन भागांच्या मध्ये आहे. उन्हानं, धक्क्यांनी तो रंग ०.०४ मिलिमीटर जरी दबला तरी निम्मा दाब गेला. बोल्ट तसाच आहे, नट फिरलेला नाही, पाना लावला तर घट्टच वाटतो, आणि तरी सांधा सैल आहे. पातळ पत्र्याला आखूड बोल्ट असेल तर परिस्थिती आणखी वाईट, कारण १० मिलिमीटर पकडणारा बोल्ट लांबतोच मुळी ०.०२ मिलिमीटर. म्हणून ब्रॅकेट रंगवायला देताना बसायची जागा टेपनं झाका, असं मी प्रत्येकाला सांगतो. रंगवणाऱ्याला हा चावटपणा वाटतो.

इथे १२.९वाला म्हणेल, माझा बोल्ट जास्त लांबेल, मग थोडा रंग दबला तरी दाब उरेल. बरोबर आहे, पण त्यासाठी तो त्याच्या लायकीनं आवळावा लागतो: एम१०ला ५०च्या जागी ८० न्यूटन-मीटरच्या पुढे. तसं क्वचितच होतं. बोल्ट १२.९चा येतो आणि आवळला जातो जुन्याच टॉर्कला. मग दाब तोच अडीच टन, फरक फक्त बिलात. समजा कोणी खरंच पूर्ण आवळला, तर डोक्याखालच्या चिमूटभर जागेवर ४२ किलोन्यूटन येतात. षटकोनी डोक्याच्या बोल्टसाठी हिशेब केला तर दर चौरस मिलिमीटरला ५८० न्यूटनच्या आसपास. साध्या पोलादी पत्र्याची दाब सोसायची मर्यादा ४९०च्या घरात धरतात; ॲल्युमिनियमचे बरेच भाग त्याहून नरम. पत्रा दबतो, मऊ एमएसचा (माइल्ड स्टीलचा) वॉशर वाटीसारखा वाकतो, आणि दाब पुन्हा उतरतो. बोल्ट जितका कठीण, तितका वॉशरही कठीण हवा. दुकानात मात्र बोल्ट निवडून घेणारा माणूसही वॉशर मूठभर, न बघता उचलतो.

आणखी एक गोष्ट मला स्वतःला या सगळ्यात निर्णायक वाटते. गाडीतला बोल्ट एका झटक्यात क्वचितच तुटतो; तो लाखो छोट्या हेलकाव्यांनी थकून तुटतो. जर्मन अभियंत्यांच्या संघटनेची व्हीडीआय २२३० ही बोल्टच्या हिशेबाची मार्गदर्शिका जगभर प्रमाण मानली जाते. नेहमीच्या पद्धतीनं, म्हणजे आटे पाडून मग उष्णता देऊन कठीण केलेल्या बोल्टची थकवा सोसण्याची मर्यादा काढायचं तिच्यातलं सूत्र फक्त बोल्टच्या व्यासावर चालतं. एम१०साठी ती दर चौरस मिलिमीटरला अधिक-उणे ५० न्यूटनच्या आसपास येते. त्या सूत्रात ८.८, १०.९, १२.९ हा भेदच नाही. हेलकाव्यांपुढे महागडा बोल्ट आणि साधा बोल्ट सारखेच दुबळे. त्यांना वाचवतो तो दाब, कारण पुरेसा दाब असेल तर हेलकाव्याचा थोडाच वाटा बोल्टच्या वाट्याला येतो.

‘असू दे, पण जास्त ताकद असली तर बिघडलं कुठे?’ हा आक्षेप मी सर्वांत जास्त ऐकतो. बिघडतं ते असं. पोलाद जितकं कठीण, तितकं ते हायड्रोजनला बळी पडतं. १२.९चा बोल्ट गंजू नये म्हणून कोणी गल्लीतल्या प्लेटिंगवाल्याकडून झिंक करून आणला, तर ॲसिडच्या धुण्यात आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन धातूत शिरतो. त्यानंतर लगेच १९० अंशांच्या वर काही तास भाजून तो बाहेर काढला नाही, तर आवळून ठेवलेला बोल्ट काही तासांनी किंवा दिवसांनी, गाडी उभी असतानाही, कट्‌कन तुटू शकतो. ८.८ला ही भीती जवळपास नाही. दुसरं म्हणजे लांबायची तयारी. आयएसओ ८९८-१ या मानकानुसार ८.८चा बोल्ट तुटण्याआधी किमान १२ टक्के लांबला पाहिजे, १०.९चा ९, १२.९चा ८. अपघातात ही लांबण्याची तयारीच ऊर्जा पिते. रॅलीच्या गाड्यांसाठी एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमावलीत रोल केजचे पाय गाडीला जोडायला किमान एम८ आणि किमान ८.८ बोल्ट सांगितले आहेत, प्रत्येक पायाला तीन, आणि खाली निदान ३ मिलिमीटर जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची पोलादी पट्टी. उलटलेल्या गाडीत माणसाचा जीव ज्यावर टांगलेला असतो, त्या ठिकाणी नियमकर्त्यांनी बोल्टचा आकडा वाढवत नेला नाही, खालची पट्टी मोठी मागितली. माझ्या म्हणण्याला यापेक्षा भक्कम आधार मला ठाऊक नाही.

अर्थात याचा अर्थ सगळीकडे ८.८ असा नाही. सस्पेन्शनच्या आर्मला किंवा सबफ्रेमला कंपनीनं १०.९ दिला असेल तर तिथे १०.९च हवा, तो दाब धरूनच तो सांधा आखलेला असतो, आणि तिथे एक पायरी खाली उतरणं हा निव्वळ धोका आहे. १२.९लाही त्याची जागा आहे, जिथे आकार वाढवायला जागाच नसते तिथे. रंगीत टायटॅनियमच्या बोल्टांबद्दल एवढंच म्हणेन की ते हलके असतात.

एसएसचं प्रकरण वेगळं आहे, कारण तिथे युक्तिवाद ताकदीचा नसून गंजाचा असतो, आणि रत्नागिरी-मालवणकडे गाडी ठेवणाऱ्याला तो हसून उडवता येत नाही. खारी हवा आणि चार महिने पाऊस साध्या झिंकला फार टिकू देत नाही. पण आकडे बघा. चांगला, ए२-७० अशी खूण असलेला एसएसचा बोल्ट ७०० न्यूटनला तुटतो, म्हणजे ८.८च्या जवळ; कायमचा लांबायला मात्र ४५०लाच लागतो. एम१०ला हे २६ किलोन्यूटन होतात. ८.८ला आपण रोज २५ किलोन्यूटनला, म्हणजे त्याच अडीच टनांना आवळतो. त्याच हातानं एसएस आवळला तर तो थेट कड्यावर उभा राहतो, आणि पिळाचा ताण धरला तर कड्यापलीकडे. खूणच नसलेला असेल तर तो ५० वर्गाचाही असू शकतो, ज्याची लांबायची मर्यादा अवघी २१० आहे. शिवाय एसएसवर एसएसचा नट वंगणाशिवाय इम्पॅक्ट गननं फिरवला की आटे एकमेकांना धरतात आणि मग कापण्यावाचून इलाज नसतो. ॲल्युमिनियमला लागून बसवलेला एसएस खाऱ्या दमट हवेत स्वतः शाबूत राहतो आणि शेजाऱ्याला खातो. म्हणून मडफ्लॅप, दिव्यांचे ब्रॅकेट, नंबर प्लेट इथे एसएस जरूर लावावा. सीट, पट्टा, ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन इथे गंजाचं उत्तर एसएस नाही. झिंक फ्लेकचा लेप दिलेला ८.८ किंवा १०.९ आहे, कारण त्या लेपाला विजेची टाकी लागत नाही आणि हायड्रोजनचा प्रश्न येत नाही. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळ मात्र गणित फिरतं: साध्या ८.८च्या गुणांची हमी मानक १५० अंशांपर्यंतच देतं, तिथे उष्णतेसाठी बनवलेले स्टडच हवेत.

जुन्या मेकॅनिकांचा आक्षेप निराळा असतो: हाताला अंदाज असतो, आणि वर स्प्रिंग वॉशर आहेच. हाताच्या अंदाजाबद्दल मला आदर आहे, पण हात पान्याचा जोर मोजतो, बोल्टचा दाब नाही. लावलेल्या टॉर्कपैकी सुमारे एक दशांशच दाबात जातो, बाकी डोक्याखालच्या आणि आट्यांच्या घर्षणात. तेलाचा एक थेंब हे सगळं बदलतो. स्प्रिंग वॉशरचा भरवसा तर १९६९मध्येच गेला. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं तेव्हा दाखवलं की सांधा आडवा सरकला की नट आपोआप उलगडत जातो. स्प्रिंग वॉशर त्याला थांबवू शकत नाही, कारण पूर्ण आवळलेल्या बोल्टखाली तो सपाट होऊन नुसता वॉशर उरलेला असतो. फॉर्म्युला स्टुडंटच्या गाड्या बांधणाऱ्या आपल्याकडच्या कॉलेजांतल्या मुलांना हे पाठ असतं: मोक्याच्या जागी किमान ८.८, स्प्रिंग वॉशर किंवा आट्यांचा गोंद लॉक म्हणून चालत नाही, आणि नटाबाहेर दोन पूर्ण आटे दिसायला हवेत. गॅरेजांमध्ये हा नियम का पोचू नये, मला कळत नाही.

शेवटचा धोका डोळ्यांचा. एम८ आणि पाच-सोळांशी बोल्ट यांच्या व्यासात फरक ०.०६ मिलिमीटरचा, एम१०ला १.२५ आणि १.५ अशा दोन्ही पिचचे आटे सर्रास मिळतात. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० क्रमांकाच्या विमानाची समोरची काच आकाशात उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर खेचला गेला; तो वाचला. बदललेल्या ९० बोल्टांपैकी ८४ किंचित बारीक होते, जुन्या बोल्टशी नजरेनं जुळवून घेतलेले. त्याच वर्षी अमेरिकेनं बोल्टांच्या दर्जासाठी कायदा केला, कारण तिकडच्या बाजारात वरच्या दर्जाचा शिक्का मारलेल्या हलक्या दर्जाच्या बोल्टांचा सुळसुळाट झाला होता. आकडा कोणीही ठोकू शकतो. म्हणून मानकं वर्गाच्या आकड्यासोबत बनवणाऱ्याची खूणही मागतात. नुसता १२.९ आणि शेजारी कुणाचीच खूण नाही, असा बोल्ट हाती आला तर मी तो नंबर प्लेटला लावतो.