चतुःसीमा

चतुःसीमा मला आधी पाठ झाली, कायदा फार नंतर शिकलो. घरात एक जुने खरेदीखत होते आणि आजोबा ते पोथीसारखे मोठ्याने वाचत: पूर्वेस भावकीचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस सामाईक बांध, येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक मिळकत जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह. निधिनिक्षेप म्हणजे पुरलेले धन, हे समजल्यावर बांधाच्या कडेने मी बरेच खड्डे खणले.

सनद घेऊन तालुका कोर्टात सिनियरांच्या हाताखाली लागलो, तर वादपत्राच्या पहिल्याच कलमात पुन्हा तीच: गाव, गट नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधल्या ऑर्डर 7, नियम 3 ची ती अटच आहे. मिळकत ओळखता आली पाहिजे. पक्षकाराला मात्र या कलमात रस नसतो. त्याला पुढचे वाक्य हवे असते: ‘प्रतिवादी हे दांडगट व खुनशी प्रवृत्तीचे इसम आहेत.’ मनाईच्या कितीतरी दाव्यांत हे असते आणि कोर्ट त्यावरून काहीही ठरवत नाही. सिनियर ते खोडत आणि पक्षकाराला विचारत, “ओढा आता कुठून वाहतो?”

विचारायलाच हवे. ओढा पात्र बदलतो. शेजारी वारतो, शेत मुलांत वाटले जाते, पण खतात ‘पूर्वेस’ त्याचेच नाव राहते. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याखाली गावोगाव जमिनींचे एकत्रीकरण झाले, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुने खत आणि आजचा सातबारा जुळता जुळत नाहीत. निशाणी 5 च्या मनाई अर्जावर युक्तिवाद, कैफियत, कोर्ट कमिशनरची मोजणी, सरतपास, उलटतपास यांत वर्षे जातात. अखेर हुकूमनामा होतो, दरखास्त दाखल होते, बेलिफ ताब्याचे वॉरंट घेऊन शेतावर पोचतो आणि चुकीच्या हद्दीपाशी अडतो. प्रतिवादी तेव्हा बांधावर उभा राहून तंबाखू मळत असतो.

वादपत्रात दुरुस्ती मागता येते म्हणा. ऑर्डर 6, नियम 17 त्यासाठीच आहे. पण 2002 मध्ये त्याला परंतुक जोडले गेले. सुनावणी सुरू झाल्यावर, योग्य ती दक्षता घेऊनही हे आधी मांडता आले नसते, असे कोर्टाला पटवावे लागते. समोर पडलेले शेत आधी दिसले नाही, हे पटवणार कसे?

तेव्हा वकिलांनी वादपत्र पुढे केले, की सत्यापनाखाली सही करण्याआधी पहिले कलम वाचून घ्या. हाताशी खत आणि सातबारा ठेवा. जमल्यास वकिलांनाच एकदा शेतावर घेऊन जा.