परक्या गाडीला टेकून

माणसाच्या आयुष्यात दोन प्रकारच्या मोटारी असतात. एक, जी तो घेतो. आणि दुसरी, जी त्याला घ्यायची असते. पहिलीला चार दारं असतात, मागे सामानाला ऐसपैस जागा असते आणि ती बायकोच्या संमतीने घरात येते. दुसरीला दारं दोनच. तिच्यात सामान मावत नाही, मुलं मावत नाहीत, सासू तर नाहीच नाही. संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण ती कधी येतच नाही. माझी मात्र आली. फक्त यायला सत्तेचाळीस वर्षं लागली.

त्याचं असं झालं. १९७२ च्या ऑगस्टमध्ये मी सांगलीहून एम. एस. करायला न्यू जर्सीत येऊन पडलो. खिशात आठ डॉलर आणि बॅगेत मेतकुटाचा डबा, एवढ्या भांडवलावर अमेरिका पादाक्रांत करायची होती. वाहनांच्या बाबतीत माझा अनुभव बाबांची सायकल, एस. टी. आणि आमच्या डॉक्टरांची फियाट इथपर्यंतच. त्यातल्या फियाटला मी फक्त धक्का मारला होता. अशा माणसाला विद्यापीठाच्या आवारात पहिल्याच आठवड्यात ती दिसली. नारिंगी रंगाची, लांबलचक नाकाची, जमिनीला पोट टेकवून बसलेली. दोन माणसांची सोय मागे कुठेतरी नाइलाजाने केल्यासारखी. डॅटसन २४०-झेड. अमेरिकेत झेडला झी म्हणतात, हेही मला त्याच दिवशी कळलं. पण त्या धक्क्यापुढे हा धक्का काहीच नव्हता.

मग मी अभ्यास सुरू केला. (एम. एस.चा नव्हे.) ही गाडी १९६९ च्या अखेरीस अमेरिकेत उतरली, तेव्हा तिची किंमत होती ३,५२६ डॉलर. सहा सिलिंडर, २.४ लिटरचं इंजिन, १५१ अश्वशक्ती. अशा तोंडवळ्याच्या युरोपियन गाड्यांना याच्या कितीतरी जास्त पैसे मोजावे लागत, त्यामुळे अमेरिकन लोक तिच्यावर तुटून पडले होते. मला महिन्याला २५० डॉलर विद्यावेतन मिळे. म्हणजे चौदा महिने न जेवता आणि उघड्यावर झोपून काढले असते, तर गाडी माझीच होती.

तिच्या नावाचीही एक गंमत आहे. जपानात ती 'फेअरलेडी झेड'. कंपनीच्या अध्यक्षांना 'माय फेअर लेडी' ही संगीतिका इतकी आवडली होती, की त्यांनी आपल्या स्पोर्ट्स मोटारींना तेच नाव देऊन टाकलं होतं. पण कंपनीच्या अमेरिकेतल्या शाखेचे प्रमुख युताका काटायामा हे माणसं ओळखणारे गृहस्थ. 'सुंदर बाई' नावाच्या गाडीत बसून कुठलाही अमेरिकन पुरुष ऑफिसला जाणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी अमेरिकेत आलेल्या गाड्यांवरची नावाची पट्टी काढून टाकली आणि तिथे नुसतं '२४०-झेड' बसवलं. (हे काटायामा १०५ वर्षं जगले, २०१५ साली वारले. गाडी विकणाऱ्याने इतकं जगावं आणि घेणाऱ्याला नुसती किंमत ऐकून धाप लागावी!) ती संगीतिका शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून केलेली आणि पु. ल. देशपांड्यांनी १९७५ साली आणलेली 'ती फुलराणी'ही त्याच नाटकावरून. तेव्हा नात्याने ही गाडी आपल्या मंजुळेची जपानी मावसबहीणच लागते. परस्त्रीकडे पाहतोय अशी टोचणी मनाला लागायची, ती हे नातं सापडल्यावर थोडी कमी झाली.

आता मुख्य गुन्ह्याकडे वळतो. १९७५ साली माझ्या एका मित्राने नवा कॅमेरा घेतला आणि तो माझ्यावर चालवून पाहिला. मी कुठे उभा राहिलो, हे सांगायला नको. कोणा परक्याच्या त्या नारिंगी गाडीला टेकून, हाताची घडी घालून, एक पाय दुसऱ्यावर टाकून. फोटो मी सांगलीला पाठवला. मागे फक्त लिहिलं, 'मी मजेत आहे.' 'गाडी माझी आहे' असं मी लिहिलं नव्हतं. 'माझी नाही' असंही लिहिलं नव्हतं. मी काही बोललोच नव्हतो. नुसता टेकलो होतो.

बाबांनी तो फोटो गावभागात घरोघर फिरवला. माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, आयुष्यभर सायकल दामटलेल्या माणसाचा मुलगा मोटारवाला झाला होता. पुढच्या पत्रात ओळ आली, 'मोटार फार छान आहे. सावकाश चालवावी.' आता तुम्हीच सांगा, अशा पत्राला काय उत्तर लिहायचं? मी लिहिलं, 'सावकाशच चालवतो.' जी मोटार नाही, ती याहून सावकाश कोण चालवणार?

नोकरी लागल्यावर मी पै-पै साठवायला लागलो. आता गाडी घेणं ही हौस राहिली नव्हती, खोट्याचं खरं करण्याचा तो एकच मार्ग होता. १९७८ पर्यंत २,८०० डॉलर जमले. जुनी एक गाडी पाहून ठेवली. रंग नारिंगीच. शनिवारी पैसे द्यायचे ठरले आणि गुरुवारी बाबांचं निळं हवाईपत्र आलं.

आमच्या बेबीचं लग्न ठरलं होतं. मंडळी भली होती. हुंडा वगैरे काही नको म्हणाली. मात्र त्यांनी तो फोटो पाहिला होता, त्यामुळे कार्य मुलीकडच्यांनीच दोन्ही अंगांनी थाटात करावं, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती. बाबांनी अक्षर न् अक्षर कोरून लिहिलं होतं, 'तुझ्या मोटारीच्या खर्चातून काही शिल्लक पडत असल्यास पाठवावे. अडचण असेल तर नको.'

अडचण होती. ती नारिंगी रंगाची होती आणि तिला सहा सिलिंडर होते. पण न घेतलेल्या मोटारीच्या खर्चातून शिल्लक पडत नाही, हे बाबांना कसं कळवायचं? मी सगळे २,८०० डॉलर पाठवले. तेव्हाच्या भावाने सुमारे तेवीस हजार रुपये झाले. मंगल कार्यालय, सोनं, पंगती, सगळं यथासांग पार पडलं. जिलबीचा फार आग्रह झाला म्हणे. म्हणजे जी गाडी माझ्याकडे नव्हती तिच्यामुळे लग्न जमलं, आणि जे लग्न जमलं त्यामुळे ती गाडी माझ्याकडे आली नाही.

१९८० साली मीही बोहोल्यावर चढलो आणि तिसऱ्याच दिवशी हिच्यापुढे सगळं कबूल केलं. ही शांतपणे म्हणाली, "म्हणजे स्थळ बघायला आला होतात तेव्हा तुमच्या आईंनी दाखवला तो फोटो..." मी मान खाली घातली. त्यानंतर आमच्या घरात गाड्या येत गेल्या. सगळ्या चार दारांच्या, करड्या रंगाच्या आणि सुस्वभावी. बाबा अमेरिकेला आले नाहीत. बोलावलं की म्हणत, 'पुढच्या वर्षी पाहू,' आणि खोटं का बोला, मला थोडं हायसंच वाटे. १९९१ साली ते गेले. तोवर प्रत्येक पत्राच्या शेवटी ती ओळ असायचीच : 'मोटार सावकाश चालवावी.'

सत्तरी आली, मुलं मार्गी लागली, गुडघे कुरकुरायला लागले. म्हणजे स्पोर्ट्स मोटार घेण्याला सर्वथा अयोग्य वेळ आली. २०१९ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका म्हाताऱ्याची जाहिरात दिसली. १९७२ ची गाडी, नारिंगी. आम्ही दोघं गेलो. तो का विकतोय असं विचारल्यावर त्याने गुडघ्यावर हात ठेवला. मी काही बोललो नाही, पण माझा गुडघा आतून बोलला.

जुन्या गाडीचा पत्रा खरा की आत पुट्टी भरलीय, हे लोहचुंबकाने कळतं. मी घरातून निघताना फ्रिजवरचा गणपती खिशात टाकला होता. पाठीला चुंबक असलेला. जिथे गणपती चिकटला तिथे पत्रा, जिथून घसरला तिथे पुट्टी. बॉनेटवर तो दिमाखात बसला. दारांवरही बसला. मागच्या चाकांच्या वर आल्यावर मात्र त्याने दोन्ही बाजूंनी अंग टाकलं. पेनसिल्व्हेनियात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. पन्नास वर्षं मिठात राहिलं की कैरीचं लोणचं होतं, पत्र्याचं काय होत असेल ते बघा. ही म्हणाली, "देवाने दोनदा कौल दिलाय, अजून काय हवं?" मी म्हणालो, "तीन ठिकाणी चिकटलाय." बहुमताने गाडी घेतली. एकवीस हजार डॉलर. १९६९ च्या किमतीच्या जवळजवळ सहापट. जुन्या वस्तूला नव्यापेक्षा जास्त पैसे देणारा माणूस हिने पहिल्यांदाच पाहिला. "आमच्याकडे बोहारीण यायची," एवढंच ती म्हणाली. वाक्य पूर्ण केलं नाही.

त्यानंतरचे सहा महिने गाडी पत्रेवाल्याकडे होती. त्या खर्चाचा आकडा मी हिला अजून सांगितलेला नाही. तेव्हा तुम्हालाही सांगत नाही.

गाडी घरी आल्यावर कळलं, की बाळगणं हे घेण्यापेक्षा मोठं शास्त्र आहे. हिला दोन कार्ब्युरेटर आहेत. दोघांच्या डोक्यांत अधूनमधून चमचाभर तेल घालावं लागतं. मी दर वेळी घालताना मनात नरकचतुर्दशीची पहाट आणतो. शिवाय दोघांनी सारखाच श्वास घ्यावा लागतो. त्यासाठी रबरी नळीचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी आणि दुसरं आपल्या कानाशी धरून फुसफुस ऐकायची, मग स्क्रू फिरवत तंबोऱ्याची जोड लावावी तसे दोघांना एका सुरात आणायचे. शेजारच्या बाईंनी मला बॉनेटमध्ये वाकून, कानाला नळी लावून, डोळे मिटलेला पाहिलं आणि हिला हळूच विचारलं, "ते बरे आहेत ना?"

बसण्या-उठण्याचंही तंत्र आहे. आत बसणं सोपं, ते काम गुरुत्वाकर्षण करतं. उठायचं म्हणजे आधी डावा पाय बाहेर, मग दाराची कड धरायची, मग कुलदैवताचं नाव, आणि मग हिला हाक.

न्यू जर्सीत पंचवीस वर्षांवरच्या हौशी गाड्यांना 'ऐतिहासिक' अशी वेगळी पाटी मिळते. अट एवढीच, की वाहन फक्त प्रदर्शन आणि शिक्षण यांसाठी वापरायचं. ही म्हणाली, "दोन पाट्या मागवा. एक तुमच्या गळ्यात." पण २०२० च्या जानेवारीत अशीच १९७१ ची एक गाडी लिलावात ३,१०,००० डॉलरला गेली, ती बातमी मी मोठ्याने वाचून दाखवली. ती गाडी जणू कालच कारखान्यातून आल्यासारखी होती आणि आमची मिठातून निघालेली, हे बारीक अक्षरातलं वाचलं नाही. त्या रात्री हिने स्वतः जाऊन गाडीवर सोलापुरी चादर घातली.

आणि मग २०२३ च्या उन्हाळ्यात आमची बेबी पहिल्यांदाच अमेरिकेला आली. बेबी आता अडुसष्ट वर्षांची आहे, पण आमच्याकडे बेबी हे वय नसून पद आहे. विमानतळावरून घरी आलो, चहा झाला, आणि ती घर बघत बघत गराजमध्ये गेली. मी मागोमाग. तिने चादरीचं टोक उचललं आणि तशीच उभी राहिली.

"अय्या, दादा! ही अजून ठेवलीयस तू?"

पंचेचाळीस वर्षं जी कबुली द्यायची राहिली होती, ती द्यायला याहून चांगली जागा मिळणार नव्हती. मी तोंड उघडलं. बेबी नाकावर हात फिरवत होती. गाडीच्या. म्हणाली, "बाबा हा फोटो पंचांगात ठेवायचे. दर वर्षी नव्या पंचांगात घालायचे. माझ्या लग्नात व्याह्यांना म्हणाले, 'मुलगा मोटारीत फिरतो, पण बहिणीसाठी एका शब्दात पैसे पाठवले त्यानं.'"

मी तोंड मिटलं आणि हिच्याकडे पाहिलं. ही दारात उभी होती, ओल्या हाताने. लग्नानंतरच्या तिसऱ्या दिवसापासून सगळं जाणणारी ती एकटी. चाळीस-बेचाळीस वर्षांचा हिशेब चुकता करायची याहून नामी संधी तिला परत मिळाली नसती.

"ठेवलीय हो, वन्सं," ती म्हणाली. "एक दिवस नजरेआड केली नाही त्यांनी."

यातला शब्द न् शब्द खरा होता.

मग बेबीने फोटो काढायला लावला. ती गाडीला टेकली. हाताची घडी, एक पाय दुसऱ्यावर. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. फोटो लगेच सांगलीला कुटुंबाच्या ग्रुपवर गेला, खाली ओळ : 'दादाची गाडी.' नंतर आम्ही दोघं आत बसलो. चोक ओढला, पहिल्या फटक्यात लागली नाही. बेबी म्हणाली, "आमच्या ह्यांची स्कूटर तिरकी करावी लागायची, ही करून बघायची का?" तेवढ्यात इंजिन लागलं.

पट्टा बांधता बांधता ती सहज म्हणाली, "सावकाश चालव हं, दादा."

एकशे एकावन्न अश्वशक्तीची मोटार. मी ताशी पंचवीस मैलांच्या वर नेली नाही.