आवाज मागून आला की पुढून?

विरारला लग्नसराईत वरात निघाली, की एक गंमत बघा. बँड अजून दोन गल्ल्या पलीकडे असतो. ट्रम्पेटवर कुठलं गाणं चाललंय ते कळत नाही, पण मोठ्या ड्रमचा ‘धुम् धुम्’ मात्र बंद खिडक्यांमधूनही घरात येऊन पोचतो. आणि तो कुठल्या बाजूने येतोय असं कुणी विचारलं, तर चटकन बोट दाखवता येत नाही!

नववीतल्या माझ्या भाच्याला मी ही वरात आठवून दिली ती त्याच्या होम थिएटरपायी. विरार पश्चिमेला ताईचा फ्लॅट आहे. हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला तीन स्पीकर, मागच्या भिंतीवर दोन छोटे, आणि टीव्हीशेजारी कोपऱ्यात खर्जाचे आवाज काढणारा एक जाडजूड ठोकळा. तो सबवूफर. या सगळ्या गोतावळ्याला ५.१ म्हणतात. पाच स्पीकर, आणि खर्जाचा तेवढा ‘पॉइंट वन’.

“मामा, मागचे स्पीकर फुसके आहेत,” भाचा म्हणाला. “हेलिकॉप्टर मागून येतं, पण छातीत धडधडत नाही. मागच्यांना वेगळा सबवूफर जोडू या ना!” नालासोपाऱ्यात कुणीतरी जुना विकत होतं. साडेतीन हजार रुपये. तेवढे त्याने साठवले होते, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

आता जरा हिशेब करू. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धावतो. सेकंदाला ४,००० कंपनं असलेल्या किणकिणाटाची एक लाट जेमतेम साडेआठ सेंटिमीटरची. पण ४० कंपनांच्या खर्जाची लाट साडेआठ मीटरची, म्हणजे ताईच्या हॉलच्या दुप्पट! आपल्या दोन कानांत अंतर ते केवढं? एवढी लांब लाट दोघांनाही जवळजवळ सारखीच लागते. मग मेंदूने दिशा ओळखायची कशी? साधारण ८० कंपनांच्या खाली घरातल्या घरात आपल्याला दिशा फारशी कळतच नाही.

होम थिएटर बनवणाऱ्यांनी याचाच फायदा घेतला आहे. भाच्याच्या रिसीव्हरमध्ये मागचे स्पीकर ‘लहान’ असे नोंदवलेले होते. त्यामुळे हेलिकॉप्टरच्या आवाजातला खर्ज आधीच वेगळा काढून पुढच्या सबवूफरकडे पाठवला जात होता. पंख्यांची फडफड मागून यायची आणि धडधड पुढून, पण कानाला सगळंच मागून आल्यासारखं वाटायचं. वाटायला हवं होतं, असं म्हणू या. कारण भाच्याची तक्रार काही खोटी नव्हती. सोफ्यावर मीही बसून पाहिलं. धडधड खरोखरच गायब!

मग आम्ही फोनवरून ४० कंपनांचा एकसुरी आवाज हळू लावला आणि भाच्याला डोळे मिटून हॉलभर चालायला सांगितलं. टीव्हीच्या भिंतीशी घूं घूं मोठा. चालत मध्यावर आला तर जवळजवळ बंद. मागच्या भिंतीशी गेला तर पुन्हा मोठा! “मामा, हे भूत आहे!” भूत कसलं? हॉल चौदा फूट लांब, म्हणजे सव्वाचार मीटर. ४० कंपनांच्या लाटेचा बरोब्बर अर्धा भाग त्यात मावतो. ती दोन भिंतींमध्ये परतून परतून स्वतःशीच मिसळते. भिंतींशी फुगते आणि मध्यावर दबते. आणि सोफा नेमका मध्यावर. (ताई तेवढ्यात येऊन विचारून गेली, की कुणाचं काही हरवलंय का.)

तेव्हा दुसरा सबवूफर हा काही वेडेपणा नव्हता. समोरासमोरच्या भिंतींशी एकेक ठेवला, तर हा चढउतार बराच कमी होतो. पण मागच्या भिंतीपलीकडे शेजारच्या काकांची झोपायची खोली. काका रात्रपाळी करतात आणि दुपारी झोपतात. साडेआठ मीटरच्या लाटेला विटांची पातळशी भिंत कितीशी अडवणार?

ही भानगड सिनेमावाल्यांनाही चुकलेली नाही. १९७४ साली ‘अर्थक्वेक’ नावाचा इंग्रजी चित्रपट आला. भूकंप अंगावर जाणवावा म्हणून थिएटरांत प्रचंड स्पीकर बसवले होते. या पद्धतीला ‘सेन्सराउंड’ म्हणत. प्रेक्षक खूश झाले, पण शेजारच्या पडद्यावर दुसराच सिनेमा बघणारे लोकही हादरू लागले!

आम्ही काकांनाच विचारलं. एका संध्याकाळी ते म्हणाले, “चला, ऐकूनच बघू.” भाच्याने असलेला सबवूफर मागच्या भिंतीशी नेऊन ठेवला आणि मी काकांच्या खोलीत उभा राहिलो. सिनेमातलं एक वाक्य ऐकू आलं नाही. पण फळीवरचा स्टीलचा पेला थरथरायला लागला. काका काही बोलले नाहीत, नुसते पेल्याकडे बघत राहिले. मग भाच्याला हाक मारून त्यांनी तो पेला त्याच्या हातात दिला.

परत आल्यावर भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्यानेच विचारलं, “मामा, ती लाट मध्यावर दबते ना? मग सबवूफरच मध्यावर ठेवला तर?” मला हे सुचलं नव्हतं, पण मुद्दा पक्का होता. जिथे लाट दबते तिथून तिला फुगवताही येत नाही. सबवूफर खिडकीच्या भिंतीशी, बरोबर सात फुटांवर ठेवला. सोफा दीड फूट मागे सरकवला. सबवूफर आता सोफ्याच्या जवळच, त्यामुळे आवाजही कमी ठेवता आला. पुन्हा हेलिकॉप्टर लावलं. धडधड आली, आणि ती खिडकीकडून येतेय असं ताईलासुद्धा ओळखता आलं नाही. पडद्याची कडी मात्र खुळखुळायला लागली, तिला दोरा गुंडाळावा लागला.

काकांकडचा पेला या वेळी जवळजवळ शांत होता. जवळजवळच. म्हणून त्यांच्या पाळ्यांचा कागद टीव्हीमागे चिकटवलेला आहे, आणि मारामारीचे सिनेमे त्यांच्या सुट्टीच्या दिवशी लागतात. साडेतीन हजार अजून तसेच आहेत. सध्या त्यांच्यावर भाच्याच्या धाकट्या बहिणीचा डोळा आहे.